काळाबोळ, सुंठ आणि साबण

आम्ही ज्या प्रयोगशाळेत काम करतो तेथे वर्षातून चार-सहा वेळा तरी कोणी ना कोणी कागदाची पुडी घेऊन येते. पुडीत चूर्ण असते, नाहीतर काळपट गोळ्या. आणणारी व्यक्ती कोणाच्या तरी ओळखीने आलेली असते आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘यात काय आहे तेवढं बघून सांगता का?’’ काही दिवसांपूर्वी एक शिक्षक आपल्या आईचे औषध घेऊन आले. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका औषधवाल्याकडून घेतलेले सांधेदुखीवरचे चूर्ण. ‘शुद्ध वनस्पती, अपाय नाही’ अशी तोंडी हमी. आईचे गुडघे चार दिवसांत मोकळे झाले होते. तीन महिन्यांनी मात्र चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागला, म्हणून मुलाला शंका आली.

त्या चूर्णात काय निघाले ते पुढे येईलच. त्या निमित्ताने आम्ही एक जुने पुस्तक पुन्हा काढून वाचले. विद्यार्थिदशेत ते वाचले तेव्हा आम्ही अक्षरशः भारावून गेलो होतो. या खेपेस तसे झाले नाही. पुस्तक तेच होते. आमच्या मनात मात्र काही शंका उभ्या राहिल्या. त्या वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटते.

पुस्तकाचे नाव ‘सीक्रेट रेमेडीज’, म्हणजे गुप्त औषधे. ‘त्यांना पैसे किती पडतात आणि त्यांत असते काय’ अशा अर्थाचे उपशीर्षक त्याला आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने ते १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. किंमत एक शिलिंग. पुढे १९१२ मध्ये त्याचा दुसरा भागही निघाला. त्या काळी इंग्लंडात वर्तमानपत्रांची पानेच्या पाने औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. क्षय, मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग, अपस्मार, संधिवात, टक्कल, दारूचे व्यसन; ज्यावर हमखास औषध नाही असे काही उरलेच नव्हते. संघटनेने ही औषधे दुकानांतून सरळ विकत आणली, त्यांचे रासायनिक पृथक्करण करून घेतले आणि निष्कर्ष छापले.

हे पृथक्करण एडवर्ड हॅरिसन या रसायनतज्ज्ञाने केले. हॅरिसनचे नाव आज फारसे कोणाला माहीत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना विषारी वायूपासून वाचवणारा जो मुखवटा मिळाला, तो तयार करण्यात याच माणसाचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध थांबण्याच्या अवघे काही दिवस आधी, तो न्यूमोनियाने वारला. त्याच्या वाट्याला एखादे पाठ्यपुस्तकातले वाक्यही येऊ नये याची खंत वाटते.

पुढे जाण्याआधी ‘पेटंट औषध’ या शब्दाविषयी थोडे बोलायला हवे, कारण आपल्याकडेही तो सर्रास चुकीच्या अर्थाने वापरला जातो. पेटंट घ्यायचे तर आपला शोध सविस्तर लिहून जाहीर करावा लागतो. त्या बदल्यात सरकार ठरावीक वर्षे मक्तेदारी देते. ज्यांना पेटंट औषधे म्हणत त्यांतल्या बहुतेकांवर असले कोणतेही पेटंट नव्हते. त्यांच्या मालकांना घटक जाहीर करणेच नको होते. त्यांनी राखून ठेवले होते ते नाव, म्हणजे ट्रेडमार्क. पेटंट मुदतीनंतर संपते, नाव संपत नाही. घटक बदलले तरी नाव तेच राहू शकते.

इंग्लंडात आणखी एक गंमत होती. या औषधांवर अठराव्या शतकापासून कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून डबीवर सरकारी तिकीट चिकटवलेले असे. एक शिलिंगापर्यंतच्या मालाला दीड पेनीचे तिकीट. म्हणून या डब्यांची किंमत बहुधा एक शिलिंग दीड पेनी अशी विचित्र दिसते. गिऱ्हाइकाला वाटे, सरकारचा शिक्का आहे म्हणजे सरकारने तपासलेले असणार. ही सरकारची हमी नव्हे असे शेवटी तिकिटावरच छापावे लागले. ते बारीक अक्षर किती जणांनी वाचले असेल याचा अंदाज आजच्या वाचकाला सहज यावा.

आता पुस्तकातले सर्वांत गाजलेले उदाहरण पाहू. बीचमच्या गोळ्या १८४० च्या दशकापासून विकल्या जात होत्या. टॉमस बीचम हा त्यांचा जनक. डबीत ५६ गोळ्या, किंमत एक शिलिंग दीड पेनी, आणि जाहिरातीतले वाक्य असे की या डबीचे मोल एका गिनीइतके आहे. हॅरिसनला गोळीत तीन पदार्थ सापडले : काळाबोळ (कोरफडीचा वाळवलेला कडू रस), सुंठ आणि साबणाची पूड. काळाबोळ एका गोळीत अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम. ५६ गोळ्यांच्या कच्च्या मालाची किंमत निघाली सुमारे अर्धा फार्दिंग.

येथे शिक्षकांनी फळ्यावर एक गणित जरूर मांडावे. चार फार्दिंगांची एक पेनी, बारा पेनींचा एक शिलिंग, एकवीस शिलिंगांची एक गिनी. अर्धा फार्दिंग म्हणजे पेनीचा आठवा भाग. डबीची किंमत साडेतेरा पेनी. भागाकार केला तर उत्तर १०८ येते. कराची दीड पेनी वजा केली तरी ९६ पट. आणि गिनीशी तुलना केली तर दोन हजार सोळा पट!

पुस्तकभर असेच चालते. डाव्या हाताला औषधाचे दावे, त्याच्याच वेष्टनावरचे. उजव्या हाताला पृथक्करण आणि कच्च्या मालाचा भाव. शिवीगाळ नाही, विशेषणे फारशी नाहीत. या शांतपणामुळेच ते इतके झोंबले. अनेक वृत्तपत्रांनी या पुस्तकाची जाहिरातसुद्धा घेण्याचे नाकारले. त्यात आश्चर्य नाही. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्यांच्याकडून येत होता त्यांचेच कपडे पुस्तकाने उतरवले होते. १९१२ मध्ये ब्रिटिश संसदेने पेटंट औषधांच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीने कसून काम केले आणि कडक शिफारशी केल्या. अहवाल प्रसिद्ध झाला तो दिवस होता ४ ऑगस्ट १९१४. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले. घटक छापण्याची सक्ती करणारा कायदा त्यानंतर २७ वर्षांनी, १९४१ मध्ये, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाला.

एवढे सांगितल्यावर वाचक म्हणतील, मग या पुस्तकात खोट काय? खोट म्हणण्यासारखे काही नाही. पण ते दोनच प्रश्न विचारते : औषधात काय आहे, आणि ते केवढ्याला पडते? जो प्रश्न आजाऱ्याला सर्वांत महत्त्वाचा, याने माझा आजार बरा होतो का, तो प्रश्न पुस्तक प्रत्यक्ष तपासत नाही. उत्तर जणू पहिल्या दोन उत्तरांतूनच मिळाले असे गृहीत धरते. काळाबोळ, सुंठ, साबण, अर्धा फार्दिंग, असे वाचून आपण हसतो आणि पान उलटतो. विद्यार्थिदशेत आम्हीही असेच हसलो होतो.

हसण्याआधी एक कल्पना करून पाहावी. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची भयंकर साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पुड्या भरून घेतल्या आणि पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. छावणीतला मृत्यूंचा आकडा शेकडा ३० च्या आसपास होता. या पाण्यावरच्या रोग्यांत तो चारच्याही खाली आला. समजा, त्यातली एक पुडी कोणी हॅरिसनच्या टेबलावर नेऊन ठेवली असती. त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते : ग्लुकोज, मीठ, खायचा सोडा. कच्च्या मालाची किंमत, काही पैसे. आणि दावा काय, तर पटकीने मरणारा माणूस वाचतो! त्या पुस्तकाच्या पानावर हे उदाहरण बीचमच्या गोळ्यांइतकेच हास्यास्पद दिसले असते.

ते हास्यास्पद का नाही, हे पृथक्करणातून कळत नाही. त्यासाठी आतड्याकडे जावे लागते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोडियमही बरोबर ओढून घेतात आणि त्यांच्यामागे पाणी येते. पटकीत ही वाट बंद पडत नाही. नुसते मीठ-पाणी पाजले तर ते वाहून जाते. ठरावीक प्रमाणात ग्लुकोज मिसळले की ते शरीरात शोषले जाते. हा उलगडा १९६० च्या दशकातला. आणि उलगड्याहूनही महत्त्वाची ती मोजणी : हे पाणी दिले तेव्हा शंभरातले किती गेले, दिले नव्हते तेव्हा किती.

किमतीचा युक्तिवाद आम्हाला म्हणूनच लंगडा वाटतो. कच्चा माल स्वस्त असणे हा औषधाचा दोष नव्हे. कोणत्याही गोळीची किंमत तिच्यातल्या पावडरीच्या भावाने ठरवायची तर आजचे एकही औषध त्या परीक्षेत उतरणार नाही. आणि गंमत अशी की गोळ्यांच्या पैशावर वाढलेल्या त्याच बीचम कंपनीने पुढे संशोधन प्रयोगशाळा काढली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. त्यातून अँपिसिलिनसारखी प्रतिजैविके बनली, ज्यांनी जगभर असंख्य रोगी वाचवले. सुंठ-साबणाच्या नफ्याचा असाही उपयोग झाला. म्हणून गोळ्यांचे दावे खरे ठरत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. काळाबोळाने पोट साफ होते, एवढेच खरे होते; बाकीची यादी भरतीची.

दुसरी शंका लेखकांच्या भूमिकेविषयी. पुस्तक काढणारी संघटना डॉक्टरांची. गोळीवाल्याकडे गेलेला रोगी हा डॉक्टरने गमावलेला रोगी, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. गुप्ततेवर टीका करणारे डॉक्टर स्वतः औषधाची चिठ्ठी लॅटिनमध्ये लिहीत. रोग्याला त्यातले एक अक्षर कळत नसे. अपस्मारावरच्या ‘गुप्त’ औषधांत मुख्यतः ब्रोमाइड निघाले, आणि डॉक्टरही अपस्माराला ब्रोमाइडच देत होते. आठवड्याच्या मजुरीतून डॉक्टरची फी देणे ज्याला परवडत नसे, त्याने एका शिलिंगाची डबी घेतली तर त्याला केवळ भोळा म्हणणे बरोबर नाही. त्याने हिशेब केला होता, फक्त त्याच्या हाती चुकीची माहिती होती.

पाऱ्याचे उदाहरण यापेक्षा गंभीर आहे. मुलांना दात येताना द्यायच्या पावडरींत त्या काळी कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे एक क्लोराइड, घालत. हा पदार्थ लपवाछपवीचा नव्हता. तो अधिकृत औषधकोशात होता आणि डॉक्टर स्वतः रेचक म्हणून देत. त्याच काळात लहान मुलांत एक विचित्र रोग दिसे : हातपाय गुलाबी होत, कातडी सोलवटे, मूल सतत चिडचिडे, काही मुले दगावत. त्याला ‘पिंक डिसीज’ म्हणत. कारण कोणालाच कळेना. अमेरिकेतील जोसेफ वार्कनी यांना १९४० च्या दशकात अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला, तेव्हा संशय दाताच्या पावडरींवर गेला. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये पावडरींतून पारा काढून टाकण्यात आला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. घटक माहीत होता. परिणाम कोणी मोजला नव्हता. काळजीपूर्वक केलेले पृथक्करण हातात असूनही इतकी वर्षे गेली, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे.

तिसरे उदाहरण एका खटल्याचे. चार्ल्स स्टीव्हन्स नावाचा एक गृहस्थ दक्षिण आफ्रिकेतील एका मुळीपासून क्षयावर औषध बनवून विकत असे. ‘सीक्रेट रेमेडीज’ने त्याला भोंदू ठरवले. त्याने संघटनेवर दावा लावला. पहिल्या वेळी ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९१४ मध्ये तो हरला. क्षयावर त्या मुळीने गुण येतो याला पुरावा नव्हता, आजही नाही. तेव्हा निकाल योग्यच. पण ती मुळी कोणत्या झाडाची हे त्या काळच्या रसायनशास्त्राला नेमके सांगता आले नाही. ती पेलार्गोनियम या वर्गातली, म्हणजे आपल्या बागेतल्या जिरेनियमच्या कुळातली, हे १९७० च्या दशकात निश्चित झाले. आज तिचा अर्क जर्मनीत खोकला आणि श्वासनलिकेच्या दाहावर विकला जातो. त्यावर चाचण्याही झाल्या आहेत, त्यांचा पुरावा मात्र कच्चाच मानला जातो. भोंदू म्हटले आणि विषय संपला असे विज्ञानात होत नाही. दावा आणि पदार्थ वेगवेगळे तपासावे लागतात.

अमेरिकेत याच सुमारास गाजावाजा अधिक झाला. सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात लेखमाला लिहून ‘पेरुना’सारखी औषधे म्हणजे कडक दारू आहे हे दाखवले. त्यात अल्कोहोल शेकडा २८ च्या घरात होते. बायकांच्या तक्रारींवर लिडिया पिंकहॅम यांच्या नावाने काढा विकला जाई. ‘मिसेस पिंकहॅम यांना पत्र लिहा’ असा सल्ला जाहिरातींतून दिला जात असे. १९०५ मध्येच एका मासिकाने त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले. बाई १८८३ मध्येच वारल्या होत्या. १९०६ मध्ये अमेरिकेत कायदा आला. त्याने अल्कोहोल, मॉर्फिन, कोकेन यांसारखे घटक वेष्टनावर लिहायला लावले. पण बरे होण्याच्या दाव्याचे काय? १९११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा घटकांविषयी खोटे बोलण्यापुरता आहे, गुणांविषयीच्या दाव्यांना तो लागू नाही. खटला कर्करोगावरच्या एका औषधाचा होता. पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली. ती अशी की विक्रेत्याने जाणूनबुजून फसवले हे सिद्ध करा. म्हणजे स्वतःच्या थापेवर ज्याचा मनापासून विश्वास, तो सुटला! १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधाने शंभरावर माणसे, त्यांत बरीच मुले, दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरले होते. तेव्हा सरकारला ते बाजारातून उचलता आले ते केवळ ‘एलिक्झिर’ म्हटले असूनही त्यात अल्कोहोल नव्हते या कारणावरून. कंपनीने विष विकले म्हणून नव्हे, नाव चुकीचे दिले म्हणून. औषध खरोखर गुणकारी आहे याचा पुरावा आधी दाखवा, अशी सक्ती अमेरिकेत १९६२ साली आली. कायद्याला पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत यायला छप्पन्न वर्षे लागली.

पृथक्करणाची मर्यादा सर्वांत भयानक रीतीने दिसली ती ‘रेडिथॉर’ या औषधात. १९२० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बेली हा गृहस्थ रेडियम विरघळवलेले पाणी छोट्या बाटल्यांत विकत असे. अशक्तपणावर अक्सीर इलाज म्हणून त्याची ख्याती. इबेन बायर्स या श्रीमंत उद्योगपतीने सुमारे १४०० बाटल्या रिचवल्या. त्याच्या जबड्याची हाडे झिजून गेली आणि १९३२ मध्ये तो वारला. आता पाहा, या बाटलीवर लिहिलेले सर्व खरे होते. आत रेडियम खरेच होते, पुरेपूर मापाचे होते, आणि ते महागही होते. हॅरिसनच्या दोन्ही कसोट्यांवर रेडिथॉर उत्तम गुणांनी पास झाले असते. नकली रेडियम-पाणी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचे फक्त पैसे घेतले. खरे विकणाऱ्याने जीव घेतला.

मग आजीबाईच्या बटव्याचे काय? शिक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. आमचे उत्तर असे की बटव्यालाही तोच प्रश्न विचारावा, आदराने, पण विचारावा. ओवा घ्या. ओव्यात थायमॉल नावाचा पदार्थ असतो. जुनी माणसे त्याला ओव्याचे फूल म्हणत. ‘सीक्रेट रेमेडीज’ निघाले त्याच १९०९ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमींविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिच्यातले मुख्य औषध थायमॉल होते. तेथे काम करणाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शौचाची तपासणी केली. उपचारानंतरही कृमींची अंडी दिसतात का ते पाहिले. थायमॉल निर्धोक नव्हते, पुढे त्याची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली, पण प्रश्न योग्य विचारला गेला होता. एकाच वर्षात लंडनमध्ये एक जण गोळीत काय आहे ते पाहत होता आणि अमेरिकेत दुसरा, औषध घेतल्यावर पोटात काय उरले ते. आम्हाला दुसऱ्याची वही अधिक मोलाची वाटते.

हेच ओव्याचे फूल आपल्याकडच्या एका नामांकित औषधात आहे. कापूर, पुदिन्याचे फूल (मेंथॉल) आणि ओव्याचे फूल हे तीन घन पदार्थ एकत्र खलले की त्यांचे आपोआप पाणी होते. हेच ते अमृतधारा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लाहोरहून ते या नावाने विकले जाऊ लागले आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. तिन्ही पदार्थ वेगवेगळे असताना घन असतात, मिश्रणाचा वितळणांक मात्र खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. रसायनशास्त्राच्या तासाला याहून सुटसुटीत प्रयोग सापडणे कठीण. (कापूर लहान मुलांच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून प्रयोग शिक्षकांनीच करावा आणि बाटली कुलपात ठेवावी.) पोटदुखीपासून विंचवाच्या दंशापर्यंत कशावरही चालणाऱ्या अशा बाटल्या घरोघर असत. त्यांच्यामागे चमत्कार नव्हता, थंडावा देणारे, किंचित बधिर करणारे तीन तीव्र वासाचे पदार्थ होते. या औषधाचे भांडण १९६२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वाद घटकांचा नव्हता, गुणाचाही नव्हता. ‘लक्ष्मणधारा’ हे नाव ‘अमृतधारा’शी गिऱ्हाइकाची गफलत होण्याइतके मिळतेजुळते आहे की नाही, एवढाच तो होता. मघाशी पेटंट आणि ट्रेडमार्क यांविषयी जे म्हटले त्याचे याहून चांगले उदाहरण नाही.

भारतात कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये औषधबाजाराचा अहवाल दिला आणि १९४० मध्ये औषध कायदा झाला. जाहिरातींसाठी १९५४ चा स्वतंत्र कायदा आहे. ज्या रोगांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास त्यात बंदी आहे त्यांची यादी काढून ‘सीक्रेट रेमेडीज’च्या प्रकरणांशेजारी ठेवावी : क्षय, मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग, अपस्मार, संधिवात. मधल्या काळात इन्सुलिन आले, क्षयावर औषधे आली, पण जाहिरातवाल्यांचे गिऱ्हाईक बदललेले नाही. वर्गात याच यादीवरून एका आठवड्याची वर्तमानपत्रे चाळता येतील. विद्यार्थ्यांनी प्रत्येक जाहिरातीपुढे तीन रकाने आखावेत : काय आहे म्हणतात, काय होईल म्हणतात, आणि हे कोणी, किती जणांवर, कोणाशी तुलना करून मोजले. तिसरा रकाना किती वेळा कोरा राहतो ते त्यांचे त्यांनाच दिसू द्यावे.

‘कोणाशी तुलना करून’ हा भाग मुलांना पटकन पटत नाही. सर्दीचे उदाहरण द्यावे. १९४३ मध्ये इंग्लंडात पॅट्युलिन नावाच्या, बुरशीपासून काढलेल्या पदार्थाने सर्दी झपाट्याने बरी होते असे एका छोट्या चाचणीत दिसले. मग कारखान्यांतल्या आणि टपाल कचेऱ्यांतल्या हजारावर कामगारांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना पॅट्युलिन, निम्म्यांना तसेच दिसणारे नुसते द्रावण. कोणाला काय मिळाले ते रोग्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. निष्कर्ष : दोन्ही गटांत फरक नाही. सर्दी आपली आपणच बरी होत होती आणि श्रेय बाटलीला मिळत होते.

आता पुन्हा त्या पुडीकडे. शिक्षकांच्या आईच्या चूर्णात झाडपाल्याबरोबर स्टेरॉइड निघाले, तेही भरपूर. येथे हॅरिसनचा प्रश्नच कामी आला, हे कबूल केले पाहिजे. ‘यात काय आहे’ हे पाहिले नसते तर गोल चेहऱ्याचे कारण कळले नसते. आम्ही त्यांना फोनवर सांगितले की औषध अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरकडे न्या आणि पुडी बरोबर न्या. इतके दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, त्यामुळे ते हळूहळू कमी करावे लागते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आई विचारते आहे, त्या साहेबांना विचार, मग गुडघ्याला काय लावू?’’